मुरूड–कर्दे की गणपतीपुळे–आरे वारे?

थंडीत किनाऱ्याने चालायला दोन्ही सुंदर, पण माझं मन दापोलीकडच्या मुरूड–कर्द्यातच रमतं. ओहोटी पाहून निघावं. ओली वाळू टणक असते, चप्पल हातात घेऊन अनवाणी चालता येतं. बिळांभोवती खेकड्यांनी काढलेली वाळूच्या गोळ्यांची रांगोळी वाकून बघावी, पाय जपून टाकावा. नशिबात असेल तर डॉल्फिनही दिसतात. संध्याकाळी शेजारच्या हर्णैला मासळीचा लिलाव. महर्षी कर्व्यांचं बालपण याच मुरुडातलं!

गणपतीपुळे–आरे वारे म्हणजे बराचसा डांबरी रस्ता, चढ-उतार आणि गाड्या. मात्र चढावरून खाली दिसणारा समुद्र, सुरूची झाडं... तिथे पाय थबकतातच. मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही जवळ. गुडघे दुखत असतील तर मुरूडच गाठा.