जुना फ्लॅट घेऊन रिनोव्हेट करणाऱ्यांनो, टोकन द्यायच्या आधी सीलिंग उघडायला लावा

जुने फ्लॅट घ्यायचे, नीट दुरुस्त करायचे आणि विकायचे किंवा भाड्याने द्यायचे, हे काम मी आणि माझा मावसभाऊ मिळून करतो. फार मोठे इन्व्हेस्टर नाही आहोत, एकातले पैसे सुटले की दुसरा बघतो. डोंबिवली पूर्वेला आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहितेय, कारण ८०-९० च्या दशकातल्या बिल्डिंगी कल्याण, ठाणे, वसई सगळीकडे आहेत आणि हाच प्रकार कुणाहीबरोबर होऊ शकतो. आणि यात फक्त पैशाचा प्रश्न नाहीये, माणसांच्या जिवाशी खेळ झालाय.

१९८७ ची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, पण स्टेशनवरून चालत जाता येतं त्यामुळे भाडेकरू लगेच मिळतात. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, भाव ४२ लाख. मालक म्हणे मुलाकडे परदेशात जायचंय म्हणून घाईत विकतायत. आमचा हिशोब नेहमी उलटा असतो, म्हणजे आधी दुरुस्त केलेला तसाच फ्लॅट त्या गल्लीत कितीला गेलाय ते बघायचं आणि त्यातून ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते, २५ हजारांच्या वर घेता येत नाही, डोनेशनच्या नावाने मागतात ते वेगळं), ब्रोकरेज, दुरुस्ती आणि रिकामा राहील तेवढ्या दिवसांचा मेंटेनन्स वजा करायचा. उरलं तर घ्यायचं. इथे बऱ्यापैकी उरत होतं.

कागद सगळे बघितले. इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसातला व्यवहाराचा उतारा) काढला, पहिल्या बिल्डरच्या ॲग्रीमेंटपासून सगळी साखळी जुळत होती, शेअर सर्टिफिकेट ओरिजिनल, सोसायटीचं नो ड्यूज, बँकेचा बोजा नाही. वकिलाचा सर्च रिपोर्टही स्वच्छ. टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, खोट नव्हतीच, खोट डोक्यावरच्या स्लॅबमध्ये होती.

३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं सोसायटीच्या उपविधीप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) करावं लागतं, म्हणून मी ते पहिल्याच भेटीत मागितलं. एजंटने दोन दिवसांत झेरॉक्स आणून दिली. इंजिनिअरचं लेटरहेड, सही, शिक्का, शेवटच्या पानावर कॅटेगरी सी थ्री. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सी वन म्हणजे बिल्डिंग खाली करून पाडायची, सी टू ए म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी टू बी म्हणजे माणसं राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि सी थ्री म्हणजे किरकोळ. म्हणजे कागदावर काही काळजी नव्हती.

हॉल आणि बेडरूमला नवंकोरं पीओपी सीलिंग होतं, कोव्ह लाइट वगैरे. मी म्हटलं एक तुकडा काढून वरचा स्लॅब बघू दे, तर मालक म्हणाले भाडेकरूचं सामान आहे, लाइटची फिटिंग तुटेल, नंतर तुमचंच आहे की. एजंट म्हणाला ताई, तुमच्या समाधानासाठी कॉन्ट्रॅक्टर आणतो, त्याने याच गल्लीत कामं केलीत. तो कॉन्ट्रॅक्टर आला, बाल्कनीचा स्लॅब हातोडीने ठोकला, आवाज भरीव आला, म्हणाला एकदम टणटणीत आहे मॅडम, आतलं पण असंच असणार. त्यानेच साडेसहा लाखांचं एस्टिमेट दिलं. रजिस्ट्रेशन झाल्यावर अडीच लाख ॲडव्हान्स त्याला दिला.

आम्हाला ते सीलिंग नकोच होतं, उंची कमी होते, म्हणून पहिल्याच दिवशी ते काढायला घेतलं. बेडरूमचा पहिला तुकडा खाली आला त्याबरोबर सिमेंटचे पोपडेच खाली आले. वर बघितलं तर स्लॅबला कोंबडीची जाळी खिळ्यांनी ठोकून त्यावर सिमेंटचा पातळ हात मारलेला, आणि जाळी फाडली तर आत सळ्या उघड्या. सळी म्हणावी अशी राहिलीच नव्हती, बोटाने दाबलं की लाल भुगा पडत होता. ज्या बाजूला वरच्या घराचं बाथरूम येतं तिथे तर काँक्रीटचं कव्हर पूर्ण सुटलेलं होतं. वरून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आतली सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते, हे असं झालेलं. त्यावर कोणीतरी जाळी, प्लास्टर, पुट्टी आणि पीओपी चढवून ते झाकलं होतं.

आणि त्या स्लॅबवर तिसऱ्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं राहतंय. काका-काकू दोघंच असतात. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी वर जाऊन सांगितलं तेव्हा काकू घाबरून खालीच बसल्या.

सीलिंग काढणाऱ्यांपैकी एक मुलगा कॉन्ट्रॅक्टर बाहेर गेल्यावर मला म्हणाला, "मॅडम, ये सीलिंग तो हमनेच लगाया था, दिवाली से पहले. सेठ बोला था जल्दी पैक करो." सेठ कोण विचारलं तर हाच कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे ज्याने मालकासाठी ते झाकलं त्यालाच एजंटने आमच्यासमोर तपासायला उभा केला. आणि त्याच संध्याकाळी हा मला सांगतो की आता टेकू लावून मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) करायला लागेल, ७ लाख वेगळे, आणि अडीच लाखांचं तर मटेरियल आलंय. मटेरियल म्हणून सिमेंटच्या काही गोण्या आणि टाइल्सचे सॅम्पल.

मग लेटरहेडवरच्या इंजिनिअरला थेट फोन केला. भला माणूस, त्यांनी त्यांच्याकडची प्रत पाठवली. तिच्यात कॅटेगरी सी टू बी. आमच्या फ्लॅटचा नंबर लिहून बेडरूमच्या स्लॅबखाली तातडीने टेकू द्या असं स्पष्ट लिहिलेलं, फोटोसकट. आम्हाला दिलेल्या झेरॉक्समध्ये ते पानच नव्हतं आणि शेवटचं पान बदललेलं होतं. सेक्रेटरी म्हणतात आम्ही मालकांना रिपोर्टची प्रत दिली होती, आउटवर्ड रजिस्टरमध्ये नोंद आहे. ती नोंद आमच्या खूप कामाला येतेय.

आता कायद्याचं, कारण यात सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. पोलीस स्टेशनला पहिलं उत्तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". रेरा (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारा कायदा) अशा जुन्या रिसेल फ्लॅटला लागू नाही. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर वकील म्हणाले समोरचा पहिला मुद्दा हाच काढणार की व्यावसायिक हेतूने घेतलंय, मग कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ग्राहक नाही. म्हणजे तो दरवाजा आमच्यासारख्यांना बहुतेक बंद. पण ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५५ मध्ये आहे की साध्या काळजीने खरेदीदाराला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि न सांगणं हे फ्रॉडच धरलं जातं. आमचा सगळा दावा यावरच आहे. खोट्या रिपोर्टसाठी आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ खाली (म्हणजे आधीचं ४२०) लेखी तक्रार दिली, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र ती घेतली गेली.

ज्यांचा असा व्यवहार चालू आहे त्यांना कळकळीने सांगते, ऑडिट रिपोर्ट एजंटच्या हातून घेऊ नका, सोसायटीला लेखी अर्ज करून घ्या आणि खाली सही असलेल्या इंजिनिअरला स्वतः फोन लावा. जुन्या घरात नवं पीओपी, नवं पॅनेलिंग दिसलं की एक फूट बाय एक फूट उघडायला लावा, भरून द्यायचा खर्च तुम्ही करा, मालक नाही म्हणाला तर टोकन देऊ नका. तपासायला येणारा माणूस तुमच्या पैशाने आलेला पाहिजे आणि पुढचं काम त्याला मिळणार नाही हे त्याला आधीच सांगा. रीबाउंड हॅमर (काँक्रीट किती मजबूत ते कळतं), हाफ सेल (आतली सळी गंजतेय का ते कळतं) या टेस्टचा खर्च आमच्या अडीच लाखांपुढे काहीच नाही. स्लॅब, बीम, कॉलम दिसत नसतील तर दुरुस्तीचा आकडा धरता येत नाही आणि मग तो सगळा उलटा हिशोब खोटा ठरतो. वरच्या मजल्यावरही जाऊन या, त्यांच्या बाथरूमची फरशी बघा आणि गळतीवरून कधी भांडणं झालीत का विचारा, शेजारी सांगतात.

सध्या बेडरूममध्ये लोखंडी टेकू लावलेत, ते दुसऱ्याच दिवशी लावून घेतले. काका-काकू मुलीकडे गेलेत. सोसायटीने जनरल बॉडीत दुरुस्तीचा ठराव केलाय, वाट्याला येईल तो हिस्सा आम्ही देणार. एजंट अजून त्याच एरियात फ्लॅट दाखवतोय, म्हणून त्या बिल्डिंगांच्या सेक्रेटरींना भेटून आम्ही दोन्ही रिपोर्टच्या प्रती देतोय.