डिस्चार्ज तर मिळाला, आता दाखवायचं कुठे? कोकणातल्या घरासाठी सगळे पर्याय

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला. मुलगा मनोरुग्णालयातून घरी आलाय, हातात डिस्चार्जचा कागद आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि पुढे दाखवायचं कुठे यावर घरात चार माणसांची पाच मतं. मुंबईचे दीर म्हणतायत इकडे पाठवा, थोरला म्हणतो कोल्हापूरचा डॉक्टर नावाजलेला आहे, शेजारी म्हणतात तालुक्याला महिन्यातून एकदा टीम येते तिथेच न्या. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या दादाच्या वेळी आम्ही हे सगळे रस्ते एकेक करून चालून बघितले आणि त्या नादात वर्ष गेलं.

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी नको इतकं उसळतं तर कधी पार खचतं असा आजार. हापूसचा सीझन होता, बागेत रात्रीची राखण, पहाटे माकडं, त्यामुळे सलग पाच-सहा रात्री झोप नाही, मग झोप नकोशीच झाली, येणाऱ्याजाणाऱ्याला पेट्याच्या पेट्या फुकट वाटायला लागला आणि एका रात्री खाडीत उतरला, होडीवाल्यांनी ओढून काढला. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चोवीस दिवस होता. घरी आला तेव्हा शांत, बोलणं हळू, अंगाने सुटलेला. आठवड्याभरात आई म्हणायला लागली, "आता बरो झालो मां, मगे गोळये कित्याक?"

आईचं चुकलं असं नाही म्हणत मी, तापाची गोळी ताप गेल्यावर बंदच करतो ना आपण. पण या आजारात माणूस बरा दिसतो तो गोळी चालू आहे म्हणून, आणि घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आजार परत उसळायचा आणि जिवाचं काही करून घ्यायचा धोका त्याच दिवसांत जास्त असतो. म्हणून पहिला फॉलोअप आठवड्याभरात व्हायलाच हवा, मग तो कुठेही होऊ दे.

आम्ही डॉक्टर निवडला नावावरून, आणि तिथेच चुकलो. बघायला हवं होतं ते हे, की तारीख चुकली तर कोणाच्या लक्षात येणार आहे, आणि जुलैच्या पावसात तिथे पोचता येणार आहे का.

आता एकेक पर्याय.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं मुख्यतः चारच, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, म्हणजे कोकणात असूनही आपल्याला हे एक जवळ आहे हे नशीबच. जिथे ॲडमिट होता तिथेच दाखवायचा मोठा फायदा म्हणजे पेशंटचा सगळा इतिहास त्यांच्याकडे असतो, कुठल्या गोळीने काय झालं, किती डोसला झोप आली, हे परत पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. अडचण आहे ती अंतराची. आम्ही विजयदुर्गच्या खाडीच्या बाजूचे, पहिली एसटी पकडायची, मध्ये गाडी बदलायची, तीन-साडेतीन तास जायला तेवढेच यायला, सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी गेली. ज्यांचं घर रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर या पट्ट्यात आहे त्यांनी मात्र दुसरीकडे बघूच नये असं माझं मत.

तालुक्याची ओपीडी. हिला आम्ही सगळ्यात शेवटी गेलो आणि आज तिथेच आहोत, म्हणून जरा जास्त लिहिते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, सगळे डीएमएचपी म्हणतात. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेने, आधी हे करून बघितलं आणि १९९६ पासून केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू केलं. मुळात या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञासोबत सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि नर्स अशी माणसं असतात, ठरलेल्या वारी ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतात. प्रत्येक तालुक्यात वार वेगळा, कधी कधी पदं रिकामी असतात, त्यामुळे जायच्या आधी रुग्णालयात फोन करून विचारा, नाहीतर फेरी फुकट.

आमच्याकडे काय झालं सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात दादा गेलाच नाही, शिमग्याची पालखी घरी येणार होती. चौथ्या दिवशी सोशल वर्कर ताईंचा फोन वहिनीला. ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, गोळ्या किती उरल्यात, रात्री किती वाजता झोपतो, पालखीसोबत जागरणं झाली का. वहिनीने डबा उघडून गोळ्या मोजल्या तर आठवड्याभराच्या जास्त निघाल्या, म्हणजे दादा मध्ये मध्ये टाळत होता आणि आम्हाला घरात पत्ता नव्हता. त्या एका फोनमुळे दुसरी खाडी टळली असं मी मानते. मग ताईंनीच सुचवलं म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनी रोज झोपेचे तास लिहिते. चारच्या खाली सलग दोन रात्री आले की वाट बघायची नाही, फोन करायचा. यंदा राखणीला गडी ठेवलाय, दादा दिवसा बागेत आणि रात्री घरी.

इथली कमतरता पण सांगते. डॉक्टर महिन्यातून एकदाच, गर्दीत पाच-सात मिनिटं मिळतात. सरकारी ठिकाणी एखादी गोळी कधी शिल्लक नसते, म्हणून दहा दिवसांचा साठा हातात ठेवूनच पुढची तारीख घ्यायची. आणि छोट्या गावात रांगेत ओळखीचं माणूस भेटतंच. पहिल्यांदा दादा तोंडाला रुमाल बांधून बसला होता, आता शेजारच्या माणसाशी बोटीच्या डिझेलवर बोलत बसतो.

प्रायव्हेट डॉक्टर. कोल्हापूरला आम्ही जवळजवळ वर्षभर गेलो. वेळ भरपूर देतात, शांतपणे ऐकतात, खोलीचं दार बंद असतं, घरच्यांनाही बरं वाटतं. फी परवडली तरी गाडीभाडं धरून फेरीचा खर्च मोठा होतो. आणि मध्ये घाट. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी कित्येक महिने बंद होता, पावसात दरड आली की दुसरे घाटही भरवशाचे नाहीत. आमच्या दोन फेऱ्या चुकल्या, तिकडून कोणी विचारलं नाही, आम्ही मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेत राहिलो.

त्यातच एक गोष्ट घडली ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. दादाला लिथियम चालू होतं, मन स्थिर ठेवायची गोळी. हे औषध चांगलं, पण रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं, कमी असेल तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष. सात महिने आम्हाला कोणी टेस्ट सांगितली नाही. एप्रिलमध्ये आंबे उतरवताना घामाच्या धारा, वर कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, आणि एक दिवस दादाचा हात इतका थरथरायला लागला की बशीतला चहा लेंग्यावर सांडला, जीभ जड, चालताना तोल जातोय. आम्हाला वाटलं उन्हाचं आहे. लॅबमध्ये लेव्हल बघितली तर बरीच वर. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. घाम, उलट्या-जुलाब, पाणी कमी पिणं आणि असल्या पेनकिलर, यांनी लिथियम रक्तात साठतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. म्हणून प्रायव्हेट असो की सरकारी, लिथियम असेल तर लेव्हल कधी तपासायची (शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देतात), थायरॉईड आणि किडनी कधी, हे तोंडाने विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. मानसिक आजाराचीच दुसरी औषधं असतील, तर त्यांचंही विचारा: ओलान्झापिन असेल तर वजन आणि शुगर. क्लोझापिन असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सुरुवातीला दर आठवड्याला, म्हणजे जवळ लॅब नसेल तर ते औषध झेपणार नाही.

मेडिकल कॉलेज. ओरोस आणि अलिबागला २०२१ पासून आणि रत्नागिरीला २०२३ पासून सरकारी कॉलेज आहे, चिपळूणच्या बाजूला डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. लॅब आणि फिजिशियन एकाच आवारात, शुगर-किडनीची भानगड असेल तर हे सोयीचं. पण पेशंटला दर वेळी वेगळा डॉक्टर भेटू शकतो, म्हणून वही करा आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावा.

मुंबई. चाकरमानी भावाच्या खोलीत ठेवून तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवायचं, हे प्रेमापोटीच सुचवलं जातं. निदानाबद्दल शंका असेल, औषधं लागूच पडत नसतील, तर एकदा दुसरं मत घ्यायला जरूर जा. कायमचं नको. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, लोकलचा आवाज, दिवसभर काम नाही, आणि गणपतीला गावी आला की तारीख हुकली. आपल्या माणसाची बाग, होडी, देवळातली भजनं इथे आहेत, आणि गोळ्यांइतकंच त्यांनीही माणूस उभा राहतो हे मी दादामध्ये बघितलं.

फोनवरचा इलाज. टेलिमानस, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. रात्री दोन वाजता काय करू कळत नसेल तेव्हा याचा आधार मोठा. पण डॉक्टरच्या जागी हा पर्याय नाही. व्हिडिओवर मधला एखादा फॉलोअप होतो, हाताची थरथर आणि अंगातला कडकपणा समोर बसूनच कळतो, शिवाय आमच्या वाडीत पावसात रेंज जाते ती जातेच.

राहायची केंद्रं. कोणी "सहा महिने ठेवा, सुधारून देतो" म्हटलं तर आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन बघायला मागा आणि आत जाऊन झोपायची जागा बघा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला अशाच एका ठिकाणी आग लागली, साखळीने बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदीच आहे, भेटायला मनाई करत असतील तर तिथून परत फिरा.

आणि ज्यांचं माणूस गोळी घेतच नाही, थुंकून टाकतं, त्यांनी कुठल्याही ठिकाणी लांब पल्ल्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. काही औषधं दोन ते चार आठवड्यांनी एकदा दंडात किंवा कमरेत देतात, रोजची भांडणं वाचतात. फक्त ते कोण टोचणार आणि कुठे, हे आधी ठरवा.

आमचं आता असं आहे. दर महिन्याला तालुका, सहा महिन्यांनी एकदा रत्नागिरी, लिथियमची लेव्हल तीन महिन्यांनी. तालुक्याच्या टीमकडे रत्नागिरीच्या डिस्चार्जची झेरॉक्स आहे. खरं तर २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यात आहे, डिस्चार्ज देताना पुढचे उपचार कसे होणार हे डॉक्टरने पेशंट, घरचे आणि पुढे बघणारा डॉक्टर यांच्याशी बोलून ठरवायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं म्हणून आम्ही कागद घेऊन गपचूप निघालो. तुम्ही निघू नका. तिथेच विचारा, आमच्या तालुक्यात कोण बघणार, त्यांना तुम्ही कळवणार की आम्ही चिठ्ठी नेऊ.

काकूंना मी तालुकाच सांगितला. मुलगा पंचवीसचा आहे, त्यालाही विचारा म्हटलं, कोणासमोर बोलायला बरं वाटतं ते, कारण दादाला आम्ही पहिलं वर्षभर एकदाही विचारलं नव्हतं. रात्रीसाठी रिक्षावाल्या भाऊंशी आधीच बोलून ठेवा, १०८ ला फोन कोण करणार ते ठरवा, आणि नंबर मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, आमच्याकडे तो कॅलेंडरच्या खालीच आहे.