ट्रेलर रुंद जागी सोडा, मुक्कामाची जागा बाईकवरून शोधा : ७ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड १८ फुटी टॉय हॉलर घेतला, आता मे संपत आलाय, मधे ११ ट्रिपा झाल्या, म्हणजे आता तोंड उघडायला हरकत नाही. टॉय हॉलर म्हणजे काय तर असा राहायचा ट्रेलर ज्याचा मागचा दरवाजा रॅम्पसारखा खाली येतो, बाईक आत चढवायच्या, आणि मुक्कामाला पोचलं की बाईक बाहेर, गाद्या खाली. माझी डर्ट बाईक होंडा सीआरएफ२५०एफ, पोराची छोटी सीआरएफ११०एफ, ओढायला हाफ-टन पिकअप. राहतो लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, हायवे १४ पकडला की दीड तासात मोहावे वाळवंट.

प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणजे नळ नाही, वीज नाही, संडास नाही, नंबर टाकलेली जागा नाही, आणि भाडंही नाही. जॉबोन कॅनियन आणि डव्ह स्प्रिंग्ज या बीएलएमच्या ओपन एरियात आम्ही सगळ्यात जास्त गेलो. बीएलएम म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणारं खातं. २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, ट्रेल दारापासून सुरू, पोरगं सकाळी दात न घासता बाईकवर.

पण जागा शोधणं हा खरा विषय. पहिल्या ट्रिपला मी एका ॲपवर भरवसा ठेवला. साडेचार स्टार, फोटोत सूर्यास्त, खुर्ची, आणि एक व्हॅन. व्हॅन! ती कुठेही वळते हो. माझा ट्रक आणि ट्रेलर मिळून ३८ फूट. अंधार पडत आलेला, रस्ता अरुंद होत गेला, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला मऊ वाळू, आणि पुढे वळायला जागाच नाही. मग रिव्हर्स. बायको टॉर्च घेऊन मागे उभी, मी स्टिअरिंग डावीकडे की ट्रेलर उजवीकडे, माझा चुलतभाऊ कोपरगावला उसाची ट्रॉली एका हाताने मागे घेतो त्याची तेव्हा फार आठवण आली. शेवटी ट्रेलरचं एक चाक वाळूत गेलंच. ट्रकच्या टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, फावड्याने तासभर वाळू उपसली, तेवढ्यात बाजूच्या कॅम्पवरचे दोन म्हातारे रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या) घेऊन आले तेव्हा सुटलो. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, आलं घातलेला, दोघांनी दोन-दोन कप.

तेव्हापासून एकच नियम. ट्रेलर डांबरावर किंवा खडीच्या रुंद जागेवर उभा करायचा, बाईक उतरवायची, आणि जागा आधी बाईकवरून बघून यायची. वीस मिनिटं जातात. काय बघायचं? ट्रेलरसकट गोल फिरून परत येता येईल का हे पहिलं, बाकी सगळं नंतर. मग जमीन, बुटाची टाच जोरात आपटायची, रुतली तर पुढे चला. मग कोरडा ओढा, ज्याला इथे वॉश म्हणतात, तो सपाट आणि मोहक दिसतो पण पाऊस लांब डोंगरात पडला तरी पाणी याच वाटेने येतं, तिथे मुक्काम नाही म्हणजे नाही. आधीच्या कुणीतरी दगड मांडून केलेली चूल दिसली तर उत्तम, नवीन झुडपं चिरडावी लागत नाहीत. पिन टाकून परत यायचं, आणि मगच ट्रेलर आत न्यायचा, दिवसाउजेडी.

जंगलखात्याच्या जमिनीवर वेगळा प्रकार. तिथे एमव्हीयूएम नावाचा नकाशा असतो, फुकट, काळा-पांढरा, दिसायला आपल्या तलाठी ऑफिसातला वाटावा असा. पण कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन चालतं ते त्यातच, आणि ज्या रस्त्याच्या कडेला ठिपके आहेत तिथे गाडी बाजूला घेऊन राहता येतं. अव्हेंझा या नकाशाच्या ॲपवर उतरवून घ्या, रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. या महिन्यात केनेडी मेडोजकडे गेलो ते असंच. हायवे ३९५ वरून नाइन माइल कॅनियनचा चढ ट्रेलर घेऊन चढताना इंजिनचं तापमान बघत बघत घाम फुटला, पण वर केर्न पठारावरचे सिंगल ट्रॅक म्हणजे पाइनच्या झाडांतून एकच चाक मावेल एवढी वाट, तो दिवस वसूल.

ट्रेलरबद्दल तक्रार एकच आणि ती मोठी. गॅरेज मागे असल्यामुळे बाईकचं वजन ॲक्सलच्या मागे पडतं आणि हिचवरचं, म्हणजे ट्रेलर ट्रकला जिथे जोडतात तिथलं, वजन कमी होतं. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. डिसेंबरात मोहावे गावाजवळ आडवा वारा आणि शेजारून सेमी ट्रक, आणि आरशात ट्रेलर इकडून तिकडे, हात थंड पडले होते. दोन बाईक म्हणजे ४३५ पाउंड, थोडं थोडकं नाही. आता मोठी बाईक जमेल तेवढी पुढे बांधतो, पाण्याची टाकी पुढे आहे ती भरून नेतो (३० गॅलन म्हणजे अडीचशे पाउंड), आणि ताशी ५५ मैलांच्या वर जात नाही, कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना तशीही तीच मर्यादा आहे.

पाणी चौघांना अडीच दिवस पुरतं, ते पण आंघोळ म्हणजे ओला पंचा. मार्चमधे आईबाबा पुण्याहून आलेले, बाबांनी खुर्चीत बसून चौफेर बघितलं आणि म्हणाले, "एवढे तास विमानात बसून माळरानच दाखवायचं होतं होय?" दुसऱ्या दिवशी तेच पहाटे पाचला उठून बाहेर तारे बघत बसलेले. आईने पिठलं केलं, वाऱ्याने शेगडी तीनदा विझली. शेगडीसाठीसुद्धा कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, काढून ठेवा. आणि बाईकला ग्रीन स्टिकर (ऑफ-रोड नोंदणीचा), स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधल्या ठिणग्या अडवणारी जाळी) हे असल्याशिवाय निघूच नका.

आता चार महिने ट्रेलर अंगणात, उन्हाळ्यात मोहावेत कोण जाणार. काल साफ करायला उघडला तर ड्रॉवरमधलं भडंगाचं पाकीट कुरतडलेलं, म्हणजे परत येताना वाळवंटातला कुणीतरी उंदीर आमच्यासोबत आलाय. अजून सापडला नाही.