कासवाच्या पिल्लासाठी मिळणारा तयार संच: बल्ब ठेवा, हीट मॅट परत करा

जमिनीवरच्या कासवाच्या पिल्लासाठी ‘नवशिक्यांसाठी सगळं एकाच खोक्यात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात साधारण हे सामान निघतं: जाळीच्या झाकणाची काचेची टाकी, क्लिपने अडकवायचा डोम (बल्बची घुमटाकार शेड), त्यात शेक देणारा बल्ब, वेटोळ्या आकाराचा छोटा यूव्हीबी बल्ब (अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे उन्हातले अतिनील किरण देणारा), टाकीखाली चिकटवायची हीट मॅट, काट्याचा तापमापक, पिशवीभर वाळू आणि गोळीखाद्याचा डबा. खोक्यावरचं चित्र बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. टाकी आणि शेकाचा बल्ब कामाचे आहेत. बाकीच्यातलं बरंचसं बदलावं लागतं आणि दोन वस्तू, वाळू आणि हीट मॅट, पिल्लाला इजा करू शकतात.

मुळात हा संच वाळवंटी सरड्यांसाठी बेतलेला वाटतो: ऊब भरपूर, ओलावा शून्य. जमिनीवरच्या कासवांच्या जाती रखरखीत भागातल्या असल्या, तरी त्यांची पिल्लं दिवसाचा बराच वेळ बिळात, गवताच्या मुळाशी, ओलसर मातीत दडून काढतात. उघड्या जाळीखाली बल्ब लावला की गरम हवा वर निघून जाते, टाकी कोरडी पडते आणि वाढत्या कवचाच्या प्रत्येक खवल्यावर उंचवटा चढू लागतो. याचं खापर पूर्वी जास्त प्रथिनांवर फोडलं जायचं. आफ्रिकन सुल्काटा कासवाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. एकदा चढलेला उंचवटा उतरत नाही. ओलावा वाढवला तर पुढची वाढ तेवढी सपाट होते.

म्हणून पहिला बदल झाकणाचा. डोम आणि यूव्हीबी ट्यूब (तिच्याबद्दल पुढे) यांच्यापुरती जागा सोडून उरलेली जाळी ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका. बल्बच्या जवळ प्लास्टिक नको. वाळू फेकून द्या. ‘कॅल्शियमयुक्त, पोटात गेली तरी विरघळते’ असं पिशवीवर लिहिलेलं असलं तरी ती खाद्याबरोबर गिळली जाते आणि आतड्यात साचते. तिच्याऐवजी कोकोपीट आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळून ६ ते ८ सेंटिमीटरचा थर द्या. पाणी वरून फवारण्याऐवजी चारही कोपऱ्यांत ओता, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा भाग हाताला कोरडा लागतो. वरचा थरच चिंब असेल तर पोटाकडचं कवच सडतं. सुल्काटा, लेपर्ड आणि स्टार कासवाच्या पिल्लांना ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, भूमध्य सागराकडच्या जातींना ६० ते ७० टक्के पुरते. ओलावा आणि गारवा मात्र एकत्र येता कामा नये. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही दुखणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

आता शेकाचा बल्ब. संचात पसरट झोताचा ‘फ्लड’ बल्ब आला असेल तर उत्तम. टॉर्चसारखा झोत टाकणारा ‘स्पॉट’ असेल तर बदलून घ्या. नाण्याएवढ्या जागेत सगळा शेक पडतो, पाठीचा मध्य भाजतो आणि पाय गारच राहतात. शेक पडणारं वर्तुळ पिल्लाच्या लांबीपेक्षा मोठं हवं. ९० सेंटिमीटर लांबीच्या टाकीला ५० ते ७५ वॉटचा बल्ब सहसा पुरतो. कमीजास्त करायचं ते उंचीने. खाली सपाट दगड ठेवा, बल्ब तासभर चालू द्या आणि दगडावर नव्हे, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला तापमान मोजा. दगडापेक्षा पाठ बल्बला तीन-चार सेंटिमीटरने जवळ असते आणि तेवढ्यानेही आकडा बदलतो. तिथे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवेत, टाकीच्या दुसऱ्या टोकाला २४-२५. सुल्काटा किंवा स्टारच्या पिल्लासाठी गार टोकही २६ च्या खाली जाऊ देऊ नये. हा फरक महत्त्वाचा, कारण कासव स्वतःचं तापमान जागा बदलूनच सांभाळतं. सगळी टाकी सारखीच तापलेली असेल तर पिल्लू मातीत गाडून घेतं, आणि आपल्याला वाटतं ते सुस्त आहे.

डोमची क्लिप हा या संचातला सर्वांत स्वस्तात उरकलेला भाग. गरम होऊन ती ढिली पडते. तिच्यावर विसंबू नका, डोम साखळीने छताला किंवा स्टँडला टांगा.

हीट मॅट सरळ परत करा. कासवाला ऊब वरून येते हेच ठाऊक असतं. गरम झालं की ते खाली उकरतं, कारण जमीन खाली गार असते. खालूनच तापलं तर ते उकरत उकरत चटक्याच्या दिशेने जातं. काही संचांत मॅटऐवजी तापणारा दगड येतो, तो त्याहून वाईट. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्या. तो चिनीमातीच्या होल्डरमध्येच लावायचा, प्लास्टिकचं होल्डर वितळतं. रात्रीचा लाल बल्ब नको. कासवांना लाल रंग चांगला दिसतो, त्यामुळे तो बल्ब त्यांच्यासाठी अंधार नव्हे.

ठरवलेलं तापमान आलं की ऊब आपोआप थांबवणारा थर्मोस्टॅट संचात नसतोच, आणि ही सगळ्यांत मोठी उणीव आहे. सिरॅमिक हीटरला साधा चालू-बंद करणारा चालतो, शेकाच्या बल्बला उजेड कमीजास्त करणारा डिमिंग प्रकार लागतो, नाहीतर बल्ब दिवसभर लुकलुकत राहतो. सेन्सरची वायर पट्टीने पक्की बांधा. पिल्लाने ती ओढून गार कोपऱ्यात नेली तर थर्मोस्टॅटला टाकी थंडच वाटते आणि हीटर थांबत नाही. काट्याच्या तापमापकाचा भरवसा नाही, आणि तो भिंतीवर चिकटवलेला असल्याने मोजतो तीही भिंतच. त्याऐवजी वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल तापमापक घ्या, एकेक दोन्ही टोकांना.

वेटोळ्या यूव्हीबी बल्बचा टप्पा फार छोटा. पिल्लू हातभर दूर गेलं की उपयोग संपला, त्यात जाळी आणखी ३०-४० टक्के अडवते. काच तर यूव्हीबी जवळजवळ सगळंच अडवते, त्यामुळे खिडकीशी ठेवलेल्या टाकीला उन्हाची ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. भर दुपारी तर बंद टाकी काही मिनिटांत जीवघेणी तापते. रिफ्लेक्टर असलेली टी५ (बारीक, सरळ नळीची) यूव्हीबी ट्यूब घ्या, टाकीच्या निम्म्या लांबीची, आणि शेकाच्या बल्बला लागूनच वर आडवी लावा. बाजूने लावली तर झोत थेट डोळ्यांत जातो. वरून आला की पापणीच्या वरचा उंचवटा सावली धरतो. पाठीच्या उंचीला यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ ते ४ भरला की पुरे. ट्यूब डोळ्यांना वर्षानंतरही लख्ख दिसते, पण यूव्हीबी घटलेलं असतं, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहा आणि १२ महिन्यांनी बदला. टायमरवर १२ तास.

ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब बरेच विक्रेते ‘अपग्रेड’ म्हणून सुचवतात. लहान टाकीत तो नको. डिमरवर चालत नाही, एकदा बंद झाला की निवल्याशिवाय पेटत नाही आणि पिल्लाची पाठ वाळवतो.

काचेच्या टाकीबद्दल एवढंच: पारदर्शक भिंत पिल्लाला अडथळा वाटत नाही, ते तासन्‌तास काचेला धडका देत फिरतं. खालचे दहा सेंटिमीटर बाहेरून कागद लावून झाका. फेऱ्या बऱ्याच कमी होतात.

पाण्यासाठी उभ्या कडांची वाटी नको, मातीची उथळ बशी ठेवा. तिच्यावर विसंबून न राहता पिल्लाला रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी वरच्या आणि खालच्या कवचाच्या सांध्यापर्यंत, हनुवटी वर. पाण्यात लघवीबरोबर पांढरी, मऊ पेस्ट पडली तर ठीक. ती खरखरीत, वाळूसारखी लागली तर पाणी कमी पडतंय.

गोळीखाद्य वाईट नाही, पण मुख्य अन्न म्हणून नाही. आठवड्यातून एकदा भिजवून द्या. रोज गवत, रानपाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं. वर फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडरची चिमूट, आठवड्यातून तीन-चारदा. खोक्यातल्या माहितीपत्रकात फळं ‘आवडीचा खाऊ’ म्हणून दिलेली असतात. आवडतात खरी, पण साखरेने आतड्यातले उपयुक्त जंतू बिघडतात आणि पोट ढिलं होतं.