कॅनडाच्या पेन्शनचं आमिष आणि माझे 65 हजार

तीस वर्षं सरकारी खात्यात दुसऱ्यांच्या व्हाउचरवर आक्षेप काढले आणि स्वतःच्या पावतीवरची शेवटची ओळ वाचली नाही. लाज वाटते, पण सांगतो.

मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. सुपर व्हिसावर, म्हणजे तिथल्या मुलांकडे आई-वडिलांना राहायला जाता येतं त्या व्हिसावर, आम्ही दोघांनी त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरलं होतं. दादरला, स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 'सीनिअर सिटिझन ॲब्रॉड' वगैरे पाटी दिसली, म्हणून सहज चढलो. टेबलावर काचेचं मेपलचं पान, मागे भिंतभर नायगारा. माणूस तिशीतला, गोड. "काका, तुमचं वय 67. तिथं 65 ला सरकार पेन्शन देतं. 2015 पासून भारत-कॅनडा करार आहे, तुमची इथली नोकरी तिथं मोजली जाते."

करार खरोखरच आहे, 1 ऑगस्ट 2015 पासून. घरी येऊन मी तेवढंच तपासलं आणि पुढचं सगळं खरं मानलं. गळाला खरं आमिष लावलं की मासा खोटं गिळतो, ते असं.

मग त्याने घाबरवलं. "सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर महाराष्ट्राची पेन्शन बंद होईल. एनओसी काढावी लागेल." हिने तिथंच माझा दंड चिमटला, "अहो, आधी मुलाला विचारा." मी ऐकलं नाही. 25 हजार रोख दिले. त्याने अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या. आठ दिवसांनी 'कॅनडा सरकारची फी' म्हणून 40 हजार यूपीआयने गेले. पावतीवर जांभळा शिक्का, खाली मुंगीएवढ्या अक्षरात: सल्ला शुल्क, परत मिळणार नाही.

पुढे चार महिने 'फाइल मूव्ह होतेय'. शेवटी मुलाला फोन केला. त्याने सरकारी संकेतस्थळ उघडलं आणि वाचून दाखवायला लागला. मी हळूहळू खुर्चीत खाली सरकत गेलो.

ओल्ड एज सिक्युरिटी म्हणजे ओएएस, ही तिथली म्हातारपणाची सरकारी पेन्शन. ती मिळायला वयाच्या 18 नंतर किमान 10 वर्षं कॅनडात राहिलेलं असावं लागतं. कॅनडा सोडून बाहेर राहत असाल तर 20 वर्षं. पूर्ण रक्कम 40 वर्षांना, त्याखाली दर वर्षामागे चाळिसावा भाग. सुपर व्हिसा हा पाहुण्याचा व्हिसा, त्यावर राहून हे सुरूच होत नाही. करारामुळे पात्रतेची वर्षं जोडता येतात, तेही त्यात बसणाऱ्या योजनेत वर्गणी भरलेल्यांना. रक्कम मात्र तिथं राहिलेल्या वर्षांप्रमाणेच ठरते. आणि ओएएसच्या अर्जाला फी नाहीच! 40 हजार कसले?

आपली पेन्शन नुसतं परदेशी गेल्याने बंद होत नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातूनही मिळतो. जाण्याआधी आपल्या कोषागारात, मुंबईकरांनी अधिदान व लेखा कार्यालयात, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक घेऊन एकदा विचारून या. एजंटने मला सांगितलेली 'एनओसी' तिथल्या क्लार्कने ऐकली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

आणखी एक. कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम पैसे घेऊन करणाऱ्या सल्लागाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी नावाने शोधता येते. ह्याचं नाव त्यात नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पोलिसात अर्ज दिल्यावर फोनवर त्या एजंटचा आवाज बदलला. "काका, एवढं कशाला, घ्या 15 हजार." ते घेतले, पण पावतीवर 'अंशतः, हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहून. उरलेल्या 50 हजारांसाठी ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही. तारीख लागली की कळवेन.