सातवीनंतर क्रीडा प्रबोधिनी की आपलीच शाळा?

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलगी 14 वर्षांखालच्या गटात 600 मीटरला पहिली येते, जिल्ह्यालाही नंबर काढते. मग पीटीच्या सरांचा घरी फोन येतो, ‘हिला प्रबोधिनीला पाठवा, इथं वाया जाईल.’ म्हणजे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, जिथे मुलं राहून खेळ आणि शाळा दोन्ही करतात. आई म्हणते, दहावी तरी होऊ दे. वडिलांना वाटतं, चालून आलेली संधी सोडायची कशाला? दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण उत्तर मुलीपेक्षा तिच्या खेळावर आणि तिला रोज कोण शिकवणार यावर जास्त अवलंबून आहे. सोयी, वसतिगृह, सिंथेटिक ट्रॅक हे सगळं त्यानंतर.

खेळ कोणता?

जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, पोहणं या खेळांत बारा-तेराव्या वर्षापर्यंत पाया पक्का व्हावा लागतो. गावात तरणतलाव नसेल तर ‘दहावीनंतर बघू’ म्हणणं म्हणजे खेळ सोडल्यासारखंच. लांब पल्ल्याच्या धावण्याचं तसं नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी घरापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, त्याच्या आयुष्यात आली ती सैन्यात भरती झाल्यावर, विशी ओलांडल्यानंतर. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. त्यामुळे धावणाऱ्या मुलीला तेराव्या वर्षी घरातून उचललंच पाहिजे, असं काही नाही.

जन्मतारखेकडेही बघा. शालेय स्पर्धांचे वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. जानेवारीत जन्मलेली मुलगी त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते, आणि या वयात एका वर्षाने उंची-ताकदीत बराच फरक पडतो. जानेवारीवालीच्या पदकावर हुरळून जाऊ नये. डिसेंबरवाली चौथी आली असेल तर तिला निकालात काढू नये.

घरची शाळा आणि जवळचं मैदान

पहाटे मैदान, मग शाळा, संध्याकाळी क्लास. हे वेळापत्रक सातवी-आठवीत निभावतं, नववीत कुरकुरायला लागतं आणि दहावीत बहुतेक घरांत मैदानच गळतं. पावसाळ्यात मातीच्या ट्रॅकवर तळं साचतं आणि शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात. सुविधांच्या बाबतीत ही बाजू लंगडीच आहे.

पण जमेची बाजूही मोठी आहे. दुखापत झाली किंवा खेळातून मन उडालं तर मुलगी जिथे आहे तिथेच राहते, वर्ग तोच, मैत्रिणी त्याच. खेळातल्या कामगिरीवर दहावीला जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळू शकतात. त्यासाठी शाळेने प्रस्ताव वेळेत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाठवायला हवा, त्यामुळे डिसेंबरपासूनच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते.

अट एकच. मैदानावर रोज येणारा, मुलीची वेळ वहीत टिपणारा, ‘आज पाय जड वाटतोय, अर्ध्यावर थांब’ असं सांगणारा माणूस हवा. तसा कोणी असेल तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतला तो नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या रूपाने भेटला. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने मिळवलं.

क्रीडा प्रबोधिनी

पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि प्रबोधिनी त्यानंतर सुरू झाली. आता पुण्याखेरीज नाशिक, कोल्हापूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणीही ती चालते, आणि प्रत्येक केंद्राचे खेळ वेगळे. अकोल्याचं नाव बॉक्सिंगसाठी घेतलं जातं. राहणं, जेवण, प्रशिक्षण, शिक्षण यांचा खर्च शासन करतं. शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरातल्या मुलासाठी हा एकच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

लहान मुलांची निवड पदकं बघून नव्हे, शरीराची कुवत बघून होते. 30 मीटर धावणं, 800 मीटर, शटल रन (दोन खुणांमध्ये ये-जा करत पळणं), उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेकणं, लवचिकता, जोडीला उंची-वजन. भिंतीजवळच्या उभ्या उडीत मुलं बोटांना खडू लावून उंच खूण करायला धडपडतात. कुंपणाबाहेर डबे आणि झेरॉक्सच्या फायली सांभाळत बसलेले आईबाप तिथूनच ‘हात वर, हात वर’ ओरडत असतात. मेडिसिन बॉल आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेणारं मूल तिथे हमखास गुण घालवतं, म्हणून चाचणीआधी सरांकडून चार दिवस सराव करून घ्या.

या पद्धतीतून काय निघू शकतं, ते स्वप्नील कुसाळेकडे बघून कळतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा 2009 मध्ये या योजनेत दाखल झाला. पहिलं वर्ष शारीरिक तयारीचं. त्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने ऑलिम्पिक कांस्य जिंकलं. मधली पंधरा वर्षं लक्षात ठेवा. नेमबाजीसारखा महागडा खेळ खेड्यातल्या मुलासाठी अशा व्यवस्थेशिवाय जवळपास अशक्यच.

आता दुसरी बाजू. माहितीपत्रकात न लिहिलेली गोष्ट म्हणजे दहावीचं वर्ष. राष्ट्रीय शालेय स्पर्धा हिवाळ्यात येतात, पूर्वपरीक्षाही तेव्हाच, आणि बोर्ड फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये. मूल पंधरा दिवस स्पर्धेला गेलं की भूमितीचं एखादं प्रकरण निसटतं. ते परत शिकवायला कोणी थांबतं का, हे केंद्रागणिक बदलतं. शिवाय कामगिरी घसरली तर जागा टिकेलच असं नाही, आणि नववीच्या मध्यावर घरी परतलेल्या मुलाला जुन्या शाळेत रुळणं जड जातं.

म्हणून केंद्र बघायला जाल तेव्हा ट्रॅक आणि मेस बघून परत फिरू नका. तिथल्या अकरावीतल्या मुलांशी बोला. या खेळाचा प्रशिक्षक किती वर्षं इथेच आहे, स्पर्धेवरून आल्यावर बुडालेले तास कोण भरून काढतं, दुखापत झालेल्या मुलाचं काय होतं, हे त्यांना विचारा. प्रशिक्षक दर वर्षी बदलत असेल, तर माझ्या मते ट्रॅक कितीही निळाशार असला तरी नको.

आर्मीची बॉईज स्पोर्ट्स कंपनी

सैन्याच्या या निवासी क्रीडा केंद्रांत साधारण 8 ते 14 वयाची मुलं घेतात. अलीकडे मुलींसाठीही अशा कंपन्या सुरू झाल्या आहेत. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सोयी उत्तम. मिझोरामचा भारोत्तोलक जेरेमी लालरिननुंगा इथलाच, 2018 च्या युवा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता. कुस्तीसाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री केंद्र आपल्याकडच्या तालमींना चांगलं ठाऊक आहे. वैद्यकीय तपासणी कडक. दहावी झाली आणि वय बसलं की पुढचा रस्ता सैन्यभरतीचा, तसं आधीच मान्य करावं लागतं. घरात सैन्याची ओढ असेल तर शिक्षण, खेळ आणि नोकरी एकाच ठिकाणी मिळतात. मुलाला पुढे इंजिनिअर व्हायचं असेल तर तिकडे जाऊच नका.

मुक्त विद्यालय

इथे रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. बुद्धिबळ, टेनिस, बॅडमिंटनमध्ये महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर असणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि नियमित बोर्डाला बाहेरून बसायला 17 नंबरचा फॉर्म आहेच. मात्र शाळेचा दिनक्रम सुटला की अभ्यासाची सगळी जबाबदारी घरावर येते. दोघंही नोकरीला असलेल्या घरात आणि अजून जिल्ह्यापलीकडे न गेलेल्या मुलासाठी हा निर्णय घाईचा ठरेल.

सुरुवातीच्या 600 मीटरवालीबद्दल मला कोणी विचारलं, तर गावात बरा प्रशिक्षक असेल तर नववीपर्यंत तिला घरीच ठेवा असं मी म्हणेन. दरम्यान 17 वर्षांखालच्या गटात ती राज्यापर्यंत धडकली, तर कामगिरीच्या जोरावर प्रबोधिनीचा रस्ता तेव्हाही खुला असतो. प्रशिक्षकच नसेल, किंवा घरी दोन वेळच्या सकस जेवणाची ओढाताण असेल, तर याच वर्षीच्या चाचणीचा फॉर्म भरा. जन्मदाखल्यावरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का, ते मात्र आधी तपासा.