आई-बाबांचं वीजबिल: आधी छतावर सोलर, की आधी घरातले पंखे आणि फ्रीज?

घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, पेन्शन ठरलेली, आणि वीजबिल मात्र दर उन्हाळ्यात आणखी वर. अशा घरातल्या मुलामुलींपुढे हल्ली हाच प्रश्न येतो. एकदाचं छतावर सोलर बसवून मोकळं व्हायचं, की आधी घरात वर्षानुवर्षं वीज खाणाऱ्या जुन्या वस्तू बदलायच्या? मी दोन्ही जवळून पाहिलंय. सासुरवाडीला, सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात, ३ किलोवॅटचं सोलर आहे. त्याच्या कोटेशनपासून नेट मीटर (घेतलेली आणि सोलरमधून परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं) लागेपर्यंत मी मामांबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, होतो. माझ्या आई-बाबांच्या साताऱ्याच्या घरी मात्र आम्ही पंखे, फ्रीज आणि दिवे बदलले. बिल दोन्हीकडे उतरलं. कुठल्या घरात आधी काय करावं, याबद्दल मात्र माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालंय.

महावितरणच्या घरगुती बिलात खरा खेळ टप्प्यांचा असतो: महिन्याला शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) एकत्र धरले तर दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतं. शिवाय स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हाताऱ्या माणसांचं घर बहुतेक वेळा १२० ते १८० युनिटांत घुटमळतं. त्यांच्या बिलातली जड रक्कम शंभराच्या वरच्या त्या साठ-सत्तर युनिटांमुळे येते. तेवढी कापली तरी बिल निम्म्यावर येऊ शकतं. आमच्याकडे तेच झालं. एप्रिल-मे महिन्यांत सोळाशेच्या घरात जाणारं बिल आता आठशेच्या आगेमागे येतं.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची होती. बिल वाढलं की ही पिढी उपकरणं बदलत नाही, सवयी बदलते. बाबा दुपारी पंखा बंद करून ओसरीत बसायचे. आई संध्याकाळी देवघरातला दिवा सोडून बाकी सगळं घर अंधारात ठेवायची आणि फोनवर 'आम्हाला काय लागतंय रे' म्हणायची. ऐन मे महिन्यात या वयाच्या माणसाने पंख्याविना बसणं धोक्याचं आहे. उतारवयात तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि ऊन लागल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे माझ्या लेखी उपाय असा हवा होता की त्यांची बिलाची भीती जावी आणि पंखा निर्धास्त चालू राहावा.

या एका बाबतीत सोलरचं कौतुक करावंच लागेल. मीटर लागल्यावर सासूबाईंनी हिवाळ्यात दोघांच्या आंघोळीला गिझर लावायला सुरुवात केली. त्याआधी चुलीवर हंडा चढायचा. मिक्सर, इस्त्री, दुपारचा टीव्ही, कशालाच आता कोणी 'बंद कर' म्हणत नाही. बिलात स्थिर आकार आणि किरकोळ रक्कम तेवढी राहते. अनुदानही चांगलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये मिळतात. ते खात्यात जमा होतात यंत्रणा चालू झाल्यावर, म्हणजे आधी पूर्ण रकमेची सोय लागते. मामांनी मुदतठेव मोडून ती केली. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी बँकेचं कर्ज आहे, पण या वयात नव्याने हप्ता सुरू करायला बरेच जण तयार होत नाहीत आणि मला ते पटतं.

कागदांचा एक अडथळा आधीच तपासून घ्या. अर्जदाराचं नाव आणि वीजबिलावरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे कितीतरी घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत. मग मृत्यूचा दाखला, वारसांचं ना-हरकत, नाव बदलाचा अर्ज, आणि भावाभावांत बोलणं नसेल तर तिथेच सगळं थांबतं. मामांचं मीटर त्यांच्याच नावावर होतं म्हणून सुटलो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. बॅटरी नसलेलं, ग्रीडला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलटा शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण म्हाताऱ्या माणसांना हे आधी नीट सांगून ठेवा. भर उन्हात, डोक्यावर पॅनेल असताना पंखा का फिरत नाही, हे सासूबाईंना समजावताना मला बराच वेळ लागला होता.

एवढं सगळं मान्य करूनही आई-बाबांच्या घरी मी सोलर आधी केलं नाही, त्याचं कारण एकच: पॅनेल धुणं.

ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. सासुरवाडीच्या परिसरात दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळायला लागतो. त्याची काजळी मैलोन्‌मैल उडते. काळ्या, हलक्या, बोटाच्या पेराएवढ्या काड्या. दोरीवरच्या धोतरावर पडल्या आणि झटकायच्या ऐवजी हाताने पुसल्या की लांब काळा फराटा उठतो. पॅनेलवर त्या पहाटेच्या दवात भिजतात, ऊन आलं की वाळून काचेला चिकटतात. पॅनेलला उतार असल्यामुळे सगळा चिखल ओघळून खालच्या कडेला, अॅल्युमिनियमच्या चौकटीशी, साचतो. तिथे दोन बोटं रुंद काळी पट्टी तयार होते. दिसायला एवढीशी, पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. खालच्या रांगेवर सावली पडली की त्या पट्टीच्या मानाने कितीतरी जास्त उत्पादन घटतं. मामांना मोबाइलवरच्या आलेखात ते लगेच दिसतं, आणि दिसलं की त्यांना चैन पडत नाही.

धुवायचं कधी, तर पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. म्हणजे थंडीच्या दिवसांत, दव पडलेलं असताना, ओल्या लोखंडी शिडीवर पंचाहत्तरीचा माणूस एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन उभा. आम्ही लांब दांड्याचा ब्रश आणून दिला. त्याने खालची कड निघते, वरची ओळ राहतेच. गावातला एक मुलगा ठरवला. तो सुरुवातीला येतो, मग ऊसतोडीचं काम लागलं की येत नाही. मामा वाट पाहत नाहीत. फोन केला की म्हणतात, "अहो, खालनंच पाणी मारलं." सासूबाई मागून सांगतात की चढले होते. नोव्हेंबर ते मार्च आमच्या घरात ही धाकधूक चालू असते.

शिडी लागतेच कशाला, असं कोणी विचारेल. सांगाडा बुटका घेतला तर उभ्या उभ्या धुता येतं, हे खरं. पण मग गच्ची गेली. एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, मिरच्या, वर्षाची हळद कुठे घालायची? सासूबाईंनी त्यावर ठाम नकार दिला आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं, कारण ती गच्ची त्यांच्या रोजच्या कामाची जागा आहे. म्हणून सांगाडा डोक्यापेक्षा वर घेतला आणि खाली वाळवणाला जागा राहिली. बुटका घ्या की उंच, वृद्ध माणसांच्या घरात कशावर तरी पाणी सोडावं लागतं. कुठे गच्ची जाते, कुठे शिडी येते.

साताऱ्यात काजळी नाही, पण आई-बाबांच्या घरासमोरचा रस्ता मुरमाचा आहे आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. त्या पाण्याने काच धुतली की डाग राहणार, डाग दिसले की बाबा पुन्हा चढणार. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. मला तो धोका घ्यायचा नव्हता.

म्हणून घरातून सुरुवात केली. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. आई-बाबांच्या घरी माणसं दिवसभर घरातच असतात, त्यामुळे उन्हाळ्यात पंखे चौदा-सोळा तास फिरतात. कागदावर हिशेब केला तर एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. खोलीतला एक आणि ओसरीतला एक असे दोन बदलले की चाळीस, आणि ही चाळीस युनिटं शंभराच्या वरची, महाग दराची. त्यामुळे दोन पंख्यांचे सहा-सात हजार साधारण तीन उन्हाळ्यांत निघतात. बाबांना मी वॅटचा हिशेब सांगत बसलो नाही. एवढंच म्हटलं, "बाबा, हा पंखा जुन्या चाळीसच्या बल्बपेक्षा कमी वीज घेतो." त्यांनी एकदा मीटरचा दिवा किती सावकाश लुकलुकतो ते स्वतः पाहिलं. आता पंखा रात्रभर चालू असतो.

रिमोटची मला धास्ती होती. म्हाताऱ्या माणसांना नवीन बटणं नकोशी वाटतात. झालं उलटंच. रात्री गारवा आला की वेग कमी करायला बाबांना पूर्वी उठून भिंतीपाशी जावं लागायचं, अंधारात, चष्म्याशिवाय. आता रिमोट उशाशी दोरीला बांधलेला असतो. त्यावरच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावली, वेग वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोनच मोकळी ठेवली. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र वायरमनकडून काढून सरळ जोडणी करून घ्या. तो तसाच मधे राहिला तर पंखा गुरगुरतो आणि आतला सर्किट बोर्ड जातो.

फ्रीजला वेळ लागला. आईचा फ्रीज माझ्या लग्नाच्या आधीचा. दाराचं रबर सैल, फ्रीजरमध्ये बर्फाची भिंत, आणि कॉम्प्रेसर जवळजवळ थांबायचाच नाही. रात्री घर शांत झालं की त्याचाच आवाज. 'चांगला चाललाय की' हे तिचं म्हणणं. नवीन घेताना मी फक्त स्टार लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा पाहिला. दोघांपुरता लहान, एकदारी, पाच स्टारचा घेतला, त्याचा आकडा दीडशेच्या आत आहे. जुना जेवढं चार-पाच महिन्यांत खायचा तेवढ्यात या फ्रीजचं वर्ष निघतं, असा माझा अंदाज. मोजमाप केलेलं नाही, बिल पाहून म्हणतोय. चोकवाल्या ट्यूबच्या जागी एलईडी पट्ट्या लावल्या. त्याने बिलात फार फरक पडला नसेल, पण आई आता स्वयंपाकघरात पूर्ण उजेडात भाजी निवडते.

सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत झालं, तेही एकदम न काढता, पंखे उन्हाळ्याआधी आणि फ्रीज दसऱ्याला. कुणाची सही नाही, मीटर कुणाच्याही नावावर असो, आणि शिडी नाही.

जिथे स्मार्ट मीटर बसला आहे तिथे आणखी एक फायदा पदरात पडतो. जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकांनाही युनिटमागे सवलत सुरू झाली. दिवसा घरी असणाऱ्या माणसांना हे सहज जमतं. धुण्याचं यंत्र, टाकी भरायची मोटर, इस्त्री ही कामं नऊनंतर घ्यायची, एवढंच आईला सांगितलं.

सोलरचा हिशेब दूरच्या मुदतीत बरा ठरतो, हे मी नाकारत नाही. मामांचं बिल जितकं खाली आलं तितकं पंखे बदलून कधीच येणार नाही. खाली दोघं वृद्ध आणि वर मुलाचं कुटुंब, एकच मीटर, एसी, दोन गिझर असं घर असेल तर पंखे-फ्रीजने भागणार नाही. घरात तरणा माणूस असेल तर धुण्याचाही प्रश्न उरत नाही. पण दोघंच राहत असतील तर आधी वापर कमी करा, मग छताकडे पाहा. नव्वद युनिटांच्या घराला १ किलोवॅट पुरतं. दीडशे-पावणेदोनशेच्या घराला दोन लागतात, आणि गरजेपेक्षा मोठा संच घेतला तर आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना तुमच्या वीजदरापेक्षा बराच कमी भाव मिळतो.

ठरवायला बसाल तेव्हा मे महिन्याचं आणि जानेवारीचं, अशी दोन बिलं समोर घ्या. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. फक्त मे शंभराच्या वर जात असेल तर पंखे बदला, बाकी काही करू नका. दोन्ही महिने शंभर ते दोनशेमध्ये असतील तर फ्रीज आणि पंखे दोन्ही. दोन्ही दोनशेच्या वर असतील तर सोलरचं कोटेशन मागवा, आणि त्यातच पक्का लोखंडी जिना, पॅनेलच्या ओळीलगत कठडा असलेली चालायची पट्टी आणि वरती पाण्याचा नळ लिहून घ्या. काम झाल्यावर हे मागितलं की त्याचे वेगळे पैसे पडतात आणि फिटर पुन्हा लवकर येत नाही.